फाटकाच्या आत

आमच्या हाटकेशमध्ये कॉलेज टेम्पोतून जाते. उद्योगनगरातल्या एका गाळ्यात सुतारकाम चालते, तेही मालिकांच्या सेटचे. काशीमिरा, घोडबंदर रस्ता, खाडीपलीकडचे नायगाव या सगळ्या पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणे चालू असतात, आणि त्यांना लागणारे जिने, देव्हारे, खोट्या खिडक्या कुठेतरी बनाव्याच लागतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या गाळ्यासमोर एक फाटक उभे होते. प्लायचे दोन खांब, त्यांवर सिमेंटसारखा दिसणारा रंग, वर अर्धगोल कमान आणि कमानीवर थर्माकोलची अक्षरे: 'महाविद्यालय'. कोणाचे महाविद्यालय, तो शब्द अजून चिकटवायचा होता.

गाळ्यातल्या काकांना मी विचारले, "बाकीचं कॉलेज कुठाय?"

"बाकीचं नसतं," ते म्हणाले. "फाटक, कॅन्टीनचं टेबल आणि एक फळा. एवढ्यावर वर्षभर भागतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले, कारण त्याच आठवड्यात मी भाचीच्या लॅपटॉपवर 'ऑल अमेरिकन: होमकमिंग' ही अमेरिकन मालिका बघत होतो, आणि त्या मालिकेत नेमके 'बाकीचं कॉलेज'च भरलेले आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या एका ऐतिहासिक विद्यापीठात शिकणाऱ्या आणि खेळणाऱ्या मुलामुलींची ही गोष्ट. 'द सीडब्ल्यू' या वाहिनीवर २१ फेब्रुवारी २०२२ ला ती सुरू झाली आणि तीन सीझन चालून २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. सुरू झाल्याची तारीख मुद्दाम सांगतो. तिच्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी, ४ मार्च २०२२ ला, आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट लागला. तिथेही खेळणारी पोरे, तिथेही कॉलेज. पण त्या पोरांच्या आणि कॉलेजच्या मध्ये एक भिंत होती. तिच्याकडे नंतर येऊ. आधी अमेरिकेतले यंत्र उघडून पाहू, कारण अशी मालिका चालते कशावर हे कळले की आपल्याकडे ती का झाली नाही हेही आपोआप कळत जाते.

सुरुवात कॉलेजपासूनच करायला हवी. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत चर्चच्या मदतीने, मिशनरी संस्थांच्या पैशावर, कुठे तळघरात तर कुठे सैन्याच्या जुन्या बराकीत शाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींची पुढे विद्यापीठे झाली. नॅशव्हिलचे फिस्क १८६६ चे, वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि आज अटलांटात असलेले मोअरहाउस १८६७ चे. १८९० मध्ये केंद्राने कायदा करून राज्यांना सांगितले की शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी आमचा पैसा हवा असेल तर कृष्णवर्णीयांना आत घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढा. दक्षिणेने अर्थातच दुसरा पर्याय उचलला. अशी सरकारी आणि खासगी मिळून आज सुमारे १०० महाविद्यालये आहेत. १९६५ च्या कायद्याने त्यांची व्याख्याही करून ठेवली: १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हाच मुख्य हेतू असलेली संस्था. प्रवेश मात्र आज कोणालाही मिळतो.

मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाउसचे, टोनी मॉरिसन हॉवर्डच्या. ही नावे आपल्याला माहीत असतात. पण खेळाची नावे निघाली की ही कॉलेजे एकदम डोळ्यांसमोर उभी राहतात. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे विम्बल्डन जिंकणारी आल्थिया गिब्सन फ्लोरिडा ए अँड एमची पदवीधर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारी विल्मा रुडॉल्फ टेनेसी स्टेटची, आणि तिच्याबरोबर रिले धावलेल्या उरलेल्या तिघीही त्याच कॉलेजच्या, त्याच प्रशिक्षकाच्या, एड टेम्पल यांच्या. एका कॉलेजच्या चार मुली आणि अमेरिकेचे सोने! लुइझियानाच्या ग्रॅम्बलिंगला एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉल शिकवत होते आणि त्यांच्या संघांनी ४०८ सामने जिंकले. अमेरिकेतले फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन अंगावर धावून जायचे फुटबॉल, आपले नव्हे.

मग गाडी उलटी फिरली. १२ सप्टेंबर १९७० ला अलाबामाच्या गोऱ्या संघाविरुद्ध कॅलिफोर्नियाचा एक मिश्र संघ खेळायला आला. त्यातल्या सॅम कनिंगहॅम नावाच्या कृष्णवर्णीय खेळाडूने यजमानांची धूळधाण केली आणि सामना ४२-२१ असा सुटला. एका सामन्याने इतिहास बदलला असे म्हणायची पद्धत आहे; मला ती फारशी पटत नाही, बदल आधीच सुरू झाला होता. पण दक्षिणेतल्या श्रीमंत विद्यापीठांच्या लक्षात हिशेब आला एवढे खरे. पुढच्या काही वर्षांत कृष्णवर्णीयांतले सर्वांत चांगले खेळाडू त्यांच्याच मैदानांवर दिसू लागले. दारे उघडली म्हणून आनंद मानायचा, आणि ज्या घराने दारे बंद असताना सांभाळले ते रिकामे झाले म्हणून हळहळायचे, अशी ही दुहेरी भावना. 'होमकमिंग' या शब्दाला म्हणूनच तिथे दोन अर्थ आहेत. एक साधा: वर्षातून एकदा माजी विद्यार्थी परत येतात, सामना असतो, बँडची मिरवणूक असते, बायका-पोरे घेऊन लोक आपापल्या जुन्या होस्टेलसमोर उभे राहतात. आपल्या गावच्या जत्रेला मुंबईकर चाकरमानी जसा जातो तसे. दुसरा अर्थ मालिकेने उचलला आहे: गेलेल्यांनी घरी परत यायचे.

मालिकेतले ब्रिंगस्टन विद्यापीठ काल्पनिक आहे, पण ते ठेवले आहे अटलांटात, म्हणजे खऱ्या मोअरहाउस आणि स्पेलमन कॉलेजांच्या शेजारात. दोन मुख्य पात्रे. सिमोन हिक्स बेव्हर्ली हिल्सची, टेनिस खेळणारी, काही काळ खेळापासून दूर राहून पुन्हा उभी राहू पाहणारी. डेमन सिम्स शिकागोचा, बेसबॉलमधला नामी खेळाडू, ज्याला कोणतेही मोठे विद्यापीठ हसत घेईल. तो मात्र अशा जागी येतो जिथे एका घोटाळ्याने बेसबॉलचा सगळा विभागच उद्ध्वस्त झाला आहे. मूळ 'ऑल अमेरिकन' ही २०१८ ची मालिका. तिच्या पोटातून ही निघाली, आणि ती घडवली नकेची ओकोरो कॅरल यांनी.

इथे लेखकाची पहिली युक्ती बघा. खेळ कोणते निवडले? बास्केटबॉल नाही, फुटबॉल नाही. टेनिस आणि बेसबॉल. टेनिसमागे आल्थिया गिब्सन उभी आहे, म्हणजे कोर्टवर पाऊल टाकले की इतिहास आपोआप येतो, कोणाला भाषण करावे लागत नाही. बेसबॉल त्याहून बोचरा आहे. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये ज्या खेळातली वर्णभिंत फोडली त्याच खेळात कृष्णवर्णीयांची संख्या पुढे घटत गेली, इतकी की २०२२ च्या वर्ल्ड सीरिज या अंतिम लढतीत दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे पहिल्यांदाच घडले. मालिका सुरू झाली ती त्याच वर्षी. रिकामे झालेले मैदान आणि त्यावर पहिला चेंडू टाकायला आलेला मुलगा, यात सगळे आले.

आणि हे निव्वळ मनोराज्य आहे असे कोणी म्हणू नये. मालिका सुरू व्हायच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, शाळा संपवणाऱ्या फुटबॉलपटूंत देशात पहिला गणला गेलेला ट्रॅव्हिस हंटर याने फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवला आणि तो मिसिसिपीच्या जॅक्सन स्टेटला गेला, अशाच एका ऐतिहासिक कॉलेजला. तिथे डिऑन सँडर्स प्रशिक्षक होते. वर्षभराने सँडर्स कोलोराडोला गेले आणि हंटरही त्यांच्यामागे गेला. म्हणजे घरी आला, पण राहिला नाही. मालिकावाल्यांनी असा शेवट लिहिला असता तर प्रेक्षक चिडले असते.

आता यंत्राचा आतला भाग. आपल्याकडे मालिकेचे इंजिन म्हणजे नाते: सासू, जाऊ, हरवलेली बहीण. या प्रकारच्या मालिकेचे इंजिन म्हणजे नियमावली. ऐकायला कोरडे वाटेल, पण थोडा धीर धरा. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था चालवते. 'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द तिनेच १९५० च्या दशकात रुजवला, आणि त्यामागचा हेतू काही शैक्षणिक नव्हता. मैदानात जायबंदी झालेला खेळाडू उद्या 'मी तुमचा कामगार, भरपाई द्या' म्हणाला तर काय, ही भीती होती. तो विद्यार्थी आहे असे ठरले की प्रश्न मिटला. या एका शब्दाने पुढची साठ-सत्तर वर्षे खेळाडूला विद्यार्थी ठेवले आणि तिकिटांचा, टीव्हीचा पैसा दुसरीकडे वाहत राहिला.

त्या नियमांतला प्रत्येक नियम म्हणजे एक तयार प्रसंग आहे. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा. मग उरलेला 'स्वेच्छेने' केलेला सराव कोणाच्या स्वेच्छेने, यावर एक भाग. ठरावीक गुणांच्या खाली गेलात तर मैदानावर बंदी. म्हणजे अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री निबंध लिहायचा आहे, आणि मैत्रीण म्हणते आहे, 'माझा घे'. शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या मर्जीशी बांधलेली; म्हणजे प्रशिक्षकाशी भांडण हा फक्त स्वाभिमानाचा नव्हे, फीचा प्रश्न. २०१८ पासून खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर एका ऑनलाइन यादीत नाव टाकायचे. म्हणजे जिवाभावाचा सहकारी त्या यादीत दिसला की अख्ख्या वसतिगृहात सन्नाटा. आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचे नाव आणि चेहरा जाहिरातीला विकायची परवानगी मिळाली. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या दोघींत एकीच्या दारात बुटांचे खोके येऊन पडते आणि दुसरी मेसच्या कुपनाचा हिशेब करते. मारामारी, खून, स्मृतिभ्रंश यांतले काहीही न लागता गोष्ट पुढे सरकते. गंमत म्हणजे प्रेक्षकाला नियम समजावून सांगावाही लागत नाही. नियमाचा चटका पात्राला बसला की तो त्याला समजतो.

मालिकेत प्रेमप्रकरणेही भरपूर आहेत, पार्ट्याही आहेत, आणि खरे सांगायचे तर काही भाग मी पळवत बघितले. सगळेच विद्यार्थी मॉडेलसारखे देखणे, वसतिगृहाच्या खोल्या आमच्या वन बीएचकेपेक्षा मोठ्या. खऱ्या ऐतिहासिक कॉलेजांपैकी अनेकांची मैदाने जुनी आहेत, निधी तुटपुंजा आहे, संघ रात्रभर बसने प्रवास करून सामन्याला जातात. ती धूळ मालिकेच्या बुटांना फारशी लागत नाही.

पण सामना कसा दाखवतात ते बघण्यासारखे आहे. साधारण ४२ मिनिटांच्या भागात प्रत्यक्ष खेळ किती? मी घड्याळ लावून बसलो तेव्हा मला तो बहुतेक वेळा चार-पाच मिनिटांच्या वर दिसला नाही. टेनिस तर पडद्यावर फसवणुकीचाच खेळ आहे. अभिनेत्रीला दोन-तीन महिन्यांत सर्व्हिसची ढब शिकवता येते, खांदा कसा फिरतो, पाय कधी उचलतो ते; पण वीस फटक्यांची रॅली खेळता येत नाही. म्हणून एका रॅलीचे तुकडे होतात. लांबून दिसणारी खरी खेळाडू, पाठमोरी. मग जवळून अभिनेत्रीचा चेहरा, कपाळावर फवाऱ्याने उडवलेला घाम. मग फक्त बूट, कोर्टवर घासणारे. मग रॅकेट, आणि त्या रॅकेटसमोर पुष्कळदा चेंडू नसतोच. तो नंतर संगणकावर घालतात. २००४ च्या 'विम्बल्डन' चित्रपटात नट-नट्या हवेतच फटके मारत होते. हे तुकडे जोडणारी गोष्ट कोणती? आवाज. चेंडूचा 'टॉक्' बरोबर पडला की डोळा बाकीचे भरून काढतो. बेसबॉलमध्ये हे सोपे जाते, कारण तो खेळ मुळातच थांबत थांबत चालतो. गोलंदाज उभा राहतो, बघतो, मान हलवतो, पुन्हा बघतो. दोन चेंडूंच्या मधली ही शांतता म्हणजे क्लोज-अपसाठी जणू राखून ठेवलेली जागा.

याला वेळ लागतो, आणि इथेच आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. अमेरिकन वाहिनीवरच्या तासाभराच्या मालिकेचा एक भाग चित्रित करायला साधारण आठ दिवस मिळतात आणि या मालिकेचे तर वर्षाला भाग झाले तेरा-पंधराच. आपली दैनंदिन मालिका आठवड्याला सहा दिवस, कधी सातही दिवस चालते. बावीसेक मिनिटांचा भाग जवळपास रोज उरकायचा. बारा तासांची शिफ्ट, आधीच तयार असलेल्या चार भागांची 'बँक' हातात असली तर नशीब, आणि गुरुवारी रेटिंग आले की शुक्रवारी कथा वळवायची. काकांच्या गाळ्यात रात्री अकराला फोन येतो: 'उद्या सकाळी हॉस्पिटल पाहिजे.' की लगेच कालचे बँकेचे केबिन पांढरे होऊ लागते. अशा कारखान्यात मैदान परवडत नाही. मैदान म्हणजे ऊन, ढग, गर्दीचे ज्युनिअर आर्टिस्ट, त्यांचा नाश्ता, आणि सलगता सांभाळणाऱ्या बिचाऱ्या सहायकाच्या वहीत प्रत्येकाच्या गुडघ्यावरच्या मातीची नोंद. फाटक, टेबल आणि फळा स्वस्त पडतो.

तरी एक अपवाद चांगला आठवतो. झी मराठीवर २०१६ पासून चार वर्षांहून जास्त चाललेली 'तुझ्यात जीव रंगला'. नायक राणा पैलवान, गाव कोल्हापूरकडचे, तालीम, लाल माती. ती चालली याचे एक कारण माझ्या मते निव्वळ तांत्रिक आहे. कुस्तीत दोघेच असतात, जागा छोटी, चेंडू नाही, आणि दोघे एकमेकांच्या इतके जवळ की एका चौकटीत डोळेही दिसतात आणि डावही. दुसरे कारण जास्त खोल आहे. तालमीच्या मागे संस्था उभी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकीकडे खासबागचे मैदान बांधले आणि दुसरीकडे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, १९०१ पासून. आखाडा आणि बोर्डिंग एकाच राजाच्या डोक्यातून निघाले, हे आपण फारसे जोडून बघत नाही. अमेरिकन मालिकेत नेमके तेच दोन एकत्र आहेत: राहायची खोली आणि खेळायची माती. राणाची मालिका मात्र तालमीतून निघून वाड्यातल्या भांडणांत गेली. शेवटी इंजिन नात्याचेच.

आता 'झुंड'. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. झोपडपट्टीतली पोरे पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली, त्यांना चेंडू दिला, आणि २००१ पासून त्यातून 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले. चित्रपटात अमिताभ बच्चन यांचे पात्र त्यांच्यावरून घेतले आहे, नाव विजय बोराडे. बहुतेक मुले खरोखरच पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आलेली. अकरा दिवसांच्या अंतराने लागलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवा. सिमोन आणि डेमन पहिल्याच भागात फाटकातून आत जातात, आणि सगळे नाटक आतले असते. 'झुंड'मधला अंकुश आणि त्याची पोरे कॉलेजच्या भिंतीच्या पलीकडे राहतात; मैदान भिंतीच्या अलीकडे. मास्तर बाहेर येतो म्हणून गोष्ट सुरू होते. शेवटी विमान आकाशात जाते, आणि खाली राहते ती भिंत, तिच्यावरच्या 'ओलांडण्यास सक्त मनाई' या पाटीसकट. त्या चित्रपटात भिंत हेच सर्वांत मोठे पात्र आहे, आणि मंजुळेंनी ते नेमके पकडले. पण म्हणून आपल्याकडे फाटकाच्या आतली गोष्ट नव्हतीच असा समज झाला तर तो चुकीचा.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय. परिसराला नाव दिले नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. कॉलेजचे नाव प्रश्न विचारणाऱ्यावरून ठेवले, हे मला फार आवडते. मराठवाड्याच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले इथल्या वसतिगृहांत राहिली. ही संस्थाही सगळ्या जातींना खुली होती, आणि तरी ती कोणासाठी उभी राहिली हे सगळ्यांना माहीत होते. ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयाची जी व्याख्या वर दिली, ती जवळजवळ शब्दशः लागू पडते.

हे साम्य मी ओढूनताणून आणलेले नाही, ते त्या काळच्या माणसांनाच दिसत होते. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांची बाजू संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणारे निवेदन आंबेडकरांना पाहायला हवे होते. द्यू बॉइस स्वतः फिस्कचे पदवीधर, आणि त्यांनी कित्येक वर्षे शिकवले ते अटलांटा विद्यापीठात, म्हणजे जिथे मालिकेने आपले ब्रिंगस्टन वसवले त्याच गावात. पुढे मिलिंदमध्येच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचे नावच अमेरिकेतून आलेले. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रो साहित्यावरचे पुस्तक मराठीत आले. त्याच वर्षी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, दंगली झाल्या, घरे जळाली, आणि नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. नागसेनवनातल्या वसतिगृहात त्या सोळा वर्षांत राहिलेला कोणताही मुलगा घ्या, त्याच्या एकट्याच्या खोलीत तीन सीझन आहेत.

आणि खेळ? आपल्याकडचा खेळाडू-विद्यार्थी कसा घडतो, हे मी बाहेरून सांगत नाही. मी कॉलेजात खो-खो खेळलो. आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विभाग, मग विद्यापीठ संघाची निवड, आणि तो संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला. बूट स्वतःचे, नसतील तर अनवाणी. विद्यापीठाच्या संघाबरोबर मी एकदाच गेलो, जनरलच्या डब्यात, सामानाच्या फळीवर झोपून. प्रवासभत्त्याच्या कागदावर जी रक्कम लिहिली होती तिच्यावर सही केली. हातात पुरीभाजी आली. परत आलो तर हजेरी कमी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवलेला. मैदानावरचे दिवस हजेरीत धरायचे असतात असा नियम होता, फक्त तो कार्यालयातल्या कोणाला सापडत नव्हता. आमच्या क्रीडा सरांनी तीन दिवस चकरा मारून फॉर्म सोडवला आणि मला म्हणाले, "बाळ, खो घेताना जेवढं वाकतोस ना, तेवढंच इथेही वाकायला शीक."

एनसीएएच्या नियमांतून अमेरिकन लेखक जे काढतात, ते आपल्या क्रीडा गुणांत, शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीत भरून वाहते आहे. एक मुलगी, तिचा सुवर्णपदकाचा कागद, आणि त्यावर एक शिक्का कमी. हा एक भाग झाला.

कोणता खेळ घ्यायचा हे विचाराल तर मी खो-खोच म्हणेन, आणि त्यात माझा पक्षपात आहे. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, चेंडू नाही, बॅट नाही, एका रांगेत आठ जण बसलेले, तोंडे आलटून पालटून उलटसुलट. बसलेल्या खेळाडूचा चेहरा हा कॅमेऱ्याला अर्पण केलेला चेहरा असतो: पाठीमागे पावलांचा आवाज येतो आहे, वळून बघायचे नाही, पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचे नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. दोन-तीन दिवस बातम्या झाल्या, मग थांबल्या.

अमेरिकेतही पहिल्या फटक्यात 'होमकमिंग' आली नव्हती. १९८७ मध्ये एनबीसीवर 'अ डिफरंट वर्ल्ड' सुरू झाली, हिलमन नावाच्या काल्पनिक कॉलेजची. दुसऱ्या सीझनपासून ती डेबी अॅलन यांच्या हाती आली. त्या स्वतः हॉवर्डच्या विद्यार्थिनी. त्यांनी लेखकांना उचलून खऱ्या कॉलेजांत नेले: मेसमध्ये जेवा, वर्गात बसा, मुलांशी बोला, मग लिहा. त्यानंतर मालिकेतले कॉलेज कॉलेजसारखे दिसू लागले. या सगळ्याला पैसा लागला असेल, पण मुख्य लागला तो वेळ.

काकांच्या फाटकावर मात्र त्या संध्याकाळी शेवटी नाव चढले. चॅनेलकडून फोन आला तेव्हा. कुठलेसे सर्वांना चालणारे, कोणाचेच नसलेले नाव. अक्षरे चिकटवून काका चहाला गेले. गाळ्यामागच्या चाळीतली चार पोरे प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन आली, त्यांनी फाटक बघितले, आपसात काही बोलली, आणि एक जण दोन खांबांच्या मध्ये हात पसरून गोलकीपर म्हणून उभा राहिला. पहिला फटका कमानीवरून गेला. दुसरा डाव्या खांबाला लागला आणि राखाडी रंगावर चेंडूचा गोल ठसा उमटला.

काका कटिंगचा ग्लास हातात घेऊन धावत आले. "अरे रंग ओला आहे! उद्या शूट आहे त्याच्यावर!"

पोरे पळाली. गोलकीपर पळाला नाही, त्याने वाकून चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि मला विचारले, "काका, हे कॉलेज कुठं होणारे?"